विसार देण्याआधी: कोल्हापुरात घर घेता-विकताना या चुका टाळा

कोल्हापुरात व्यवहार दरावरून कमी आणि कागदावरून जास्त मोडतात. कारण बहुतेक वेळा क्रमच उलटा असतो. घर आवडते, विसार (सौदा पक्का करण्याची आगाऊ रक्कम) दिला जातो आणि उतारा, म्हणजे मालकी नोंदीची नक्कल, त्यानंतर काढला जातो. मग पैसे एकाच्या खिशात, कागद दुसऱ्याच्या कपाटात आणि भांडण तिसऱ्याकडे, म्हणजे वकिलाकडे.

पहिली चूक म्हणजे घरफाळ्याची पावती बघून मालक ठरवणे. ती पावती कर भरल्याची असते, मालकीची नाही. शहरात सिटी सर्वेचे मालमत्ता पत्रक काढा. त्यावर चार गोष्टी बघायच्या: नाव, क्षेत्र, सत्ता प्रकार आणि नोंदींचा रकाना. सत्ता प्रकार, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे, हे बघायला लोक विसरतात. तो 'ब' असेल तर सरकारी अटी आणि परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून विसार देण्याआधी सिटी सर्वे कार्यालयात विचारा. उपनगरात किंवा कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या गावात प्लॉट असेल तर सातबारा घ्या. तिथे 'भोगवटादार वर्ग २' (विक्रीवर सरकारी बंधने असलेली जमीन), देवस्थान इनाम (देवस्थानाला दिलेली जमीन) किंवा 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, दिसली की थांबा. कर्ज फिटले तरी बोजा मागे राहून जातो. बँकेचा दाखला देऊन तो कमी करून घेणे विकणाऱ्याचे काम आहे.

क्षेत्राचा गोंधळ तर रोजचाच. मालक म्हणतो, "दोन गुंठे आहे." दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. पत्रकावर मात्र १९० चौरस मीटर लिहिलेले. १०.७६४ ने गुणले की २,०४५ फूट येतात, म्हणजे १३३ फूट कमी. चार हजार रुपये फुटाने हा फरक ५ लाख ३२ हजारांचा. बोलणी कागदावरच्या आकड्यावरच करा आणि जागेवर टेप लावूनच करा. पेठांतल्या जुन्या घरांत सामाईक भिंत, बोळातली वाट आणि पागोळीचे (छपराच्या कडेवरून गळणारे) पाणी कुणाच्या हद्दीत पडते, हेही लिहून घ्या. फ्लॅट असेल तर दर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातल्या कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर, विचारा. बिल्डर नोंदणीकृत कराराआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

"इथं पूर येतो का?" या प्रश्नाला बहुतेकदा "नाही हो" असेच उत्तर मिळते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर होते, ते विचारा, तेही मालकाला नाही तर शेजाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला. भिंतीवरची ओल आणि वर सरकवलेला वीजमीटर खोटे बोलत नाहीत. नदीकाठ लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका, शहरातल्या जयंती नाल्यातूनही पुराचे पाणी उलटे वस्तीत शिरते. निळी (नदीलगतची) आणि लाल (त्याहून मोठ्या पुराची) पूररेषा महापालिकेच्या नकाशावर तपासा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही.

विकणाऱ्यांची मोठी चूक म्हणजे वडील वारल्यावर पत्रकावर वारस नोंद न करणे. गिऱ्हाईक आल्यावर नोंदीची धावपळ सुरू होते. बहिणींची सही लागणार हे तेव्हा कळते आणि एक वारस पुण्यात, दुसरा दुबईत असतो. जाहिरात देण्याआधी हे उरका.

विसार पावतीत सिटी सर्वे नंबर, चौरस मीटर, एकूण किंमत, खरेदीखताची तारीख आणि कर्ज नामंजूर झाल्यास किंवा कागदात दोष निघाल्यास किती दिवसांत पैसे परत, हे लिहा. रक्कम चेकने द्या. स्थावर मिळकतीत २० हजार वा त्याहून जास्त रोख घेतली तर तितकाच दंड बसू शकतो. ताबा साठेखतासोबतच (पुढे विक्री करण्याच्या करारासोबतच) देऊ नका, नाहीतर त्यावरच मुद्रांक शुल्क पूर्ण खरेदीखताइतके लागते.

खर्चाचा हिशेब आधी करा. शहरात मुद्रांक शुल्क सुमारे ६ टक्के, शिवाय नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर) कापून भरायचा असतो. तो विसरला की व्याज त्याच्याच माथी.

दस्त झाला म्हणून फाईल बंद करू नका. महिन्या-दोन महिन्यांनी उतारा काढून नाव लागले का बघा. घरफाळा, पाणीपट्टी आणि वीजमीटर वेगवेगळ्या अर्जांनी बदलावे लागतात. ते न केल्यास मागच्या मालकाची थकबाकी तुमच्या दारात येते.