संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांसाठी पुरस्कार आणि शिष्यवृत्त्या: निनावी निबंधात उरलेले नाव

संज्ञापनाचे (कम्युनिकेशनचे) बहुतेक नवे विद्यार्थी अमेरिकेची फुलब्राइट किंवा ब्रिटनची चेव्हनिंग यांसारख्या मोठ्या शिष्यवृत्त्यांकडेच डोळे लावून बसतात. त्यांसाठी अर्ज अवश्य करावा. मात्र चेव्हनिंगसाठी किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते, हे आधीच लक्षात घ्यावे. अमेरिकेतील हर्स्ट पत्रकारिता पुरस्कार १९६० पासून दिले जातात, पण त्यांत मान्यताप्राप्त विभागांतील विद्यार्थ्यांनाच भाग घेता येतो. पात्रताच नसेल तर तिथे एक संध्याकाळही घालवू नये.

माझ्या मते विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांना मिळणारे पुरस्कार उगाच दुर्लक्षित राहतात. १९५० मध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन आणि १९१२ पासूनची एईजेएमसी (पत्रकारिता व जनसंज्ञापन शिक्षणाची अमेरिकेतील संघटना) या संस्थांचे अनेक विभाग वार्षिक परिषदेत उत्तम विद्यार्थी निबंधांची निवड करतात. रक्कम मोठी नसते, परंतु पुढे पीएचडीसाठी अर्ज करताना ही एक ओळ प्राध्यापकांच्या नजरेत भरते.

इथेच तो सापळा आहे, ज्यात माझा एक निबंध अडकला आणि परीक्षकांपर्यंत पोहोचलाच नाही. अशा निबंधांचे परीक्षण निनावी असते, म्हणून पहिल्या पानावरचे नाव सगळेच काढतात. पण नाव फक्त तिथेच नसते. वर्डमध्ये फाइल तयार होताच ‘ऑथर’ या रकान्यात संगणकधारकाचे नाव बसते आणि पीडीएफ केल्यावरही ते सहसा तसेच राहते. मार्गदर्शकांनी समासात लिहिलेल्या सूचना त्यांच्या नावानिशी दिसतात. आभाराच्या परिच्छेदातून विद्यापीठ कळते, आणि ‘मी माझ्या आधीच्या निबंधात दाखवल्याप्रमाणे’ असे एक वाक्यसुद्धा लेखकाची ओळख उघड करते. एईजेएमसीसारख्या स्पर्धेत अशी ओळख सापडल्यास निबंध थेट बाद होतो. मजकूर कसा आहे हे मग कोणी पाहत नाही. म्हणून वर्डमधील ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ चालवून वैयक्तिक माहिती काढावी, सर्व सूचना पुसाव्यात, नवी पीडीएफ करावी, तिचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि शेवटी फाइलमध्ये स्वतःचे आडनाव व विद्यापीठाचे नाव शोधून खात्री करावी. फाइलच्या नावातही आडनाव नको. एवढे करूनही ती दुसऱ्या संगणकावर एकदा उघडावी. हा अतिरेक वाटेल, पण तो करावाच.

हे वाचून धास्तावू नये. या तपासणीला अर्धा तास पुरतो, आणि विद्यार्थी गटात तुमची तुलना इतर विद्यार्थ्यांशीच होते.

शिफारसपत्रासाठी मात्र मोठ्या नावामागे धावू नका. तुमचा कच्चा मसुदा वाचून त्यावर भांडलेले शिक्षक दोन परिच्छेदांत जे लिहितील, ते तुम्हाला ओझरते ओळखणाऱ्या विभागप्रमुखांच्या पानभर स्तुतीत येणार नाही. अशा शिक्षकांना किमान तीन आठवडे आधी विचारावे आणि सोबत निबंध, पुरस्काराचे निकष व अंतिम तारीख द्यावी. पैसे घेऊन अर्जासोबतचे निवेदन लिहून देणाऱ्यांपासून दूरच राहावे. त्यांच्या मजकुरात विद्यार्थी कुठेच दिसत नाही.

बाहेरची शिष्यवृत्ती मिळाल्यास स्वीकारपत्र पाठवण्यापूर्वी विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य विभागाला लेखी विचारावे, कारण काही विद्यापीठे तेवढीच रक्कम स्वतःच्या मदतीतून वजा करतात. ही वजावट अनुदानाऐवजी शैक्षणिक कर्जाच्या रकमेतून व्हावी, अशी विनंती करता येते आणि ती कधी कधी मान्यही होते.