गॅस भरूनही एसी कोमट, दोष निघाला हीटरच्या केबलमध्ये

गेल्या मे महिन्यात गाडीने सोलापूरला निघालो आणि भिगवणच्या पुढे एसीतून कोमट वारा यायला लागला. त्याच्या आठवडाभर आधी गॅरेजवाल्याने "गॅस कमी आहे" म्हणून गॅस भरून दिला होता. पैसे गेले, घाम तोच!

मग एक गोष्ट खटकली. तापमानाचा नॉब नेहमीपेक्षा हलका फिरत होता, अगदी बिनविरोध.

आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये इंजिनचं ८०-९० अंशांचं कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून, सतत फिरतं. ते थांबवायला व्हॉल्व्हच नाही. नॉब केबलने फक्त एक झडप हलवतो: थंड झालेली हवा किती कोअरवरून जाऊ द्यायची आणि किती बाजूने, एवढंच. झडप अर्धवट उघडी राहिली की एसीने थंड केलेली हवा लगेच परत तापते.

क्लचच्या पेडलच्या वर डोकं घालून, मोबाइलचा टॉर्च दातात धरून पाहिलं (मानेचं काय झालं ते विचारू नका). केबलचं बाहेरचं आवरण क्लिपमधून सुटून लोंबत होतं. झडपेचा पांढरा प्लॅस्टिकचा लिव्हर बोटाने पूर्ण थंड बाजूला ढकलला, आणि अर्ध्या मिनिटात गार वारा. नॉब पूर्ण थंडवर ठेवला, लिव्हर टोकाला दाबून धरला आणि मगच आवरण क्लिपमध्ये बसवलं. क्लिपचा एक दात तुटला होता, म्हणून वरून केबल टाय आवळला. खर्च ५ रुपये.