वाटेत आदळलेला टर्बो: बसवण्याआधी काय तपासावं, तक्रार कशी करावी

टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग, हातात घेतला की दणकट वाटतो. पण आतला शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या मारतो आणि त्यावरचं कंप्रेसर व्हील पातळ पात्यांचं, बहुधा अॅल्युमिनियमचं असतं. पार्सल वरून पडलं तर कधी बाहेर ओरखडाही दिसत नाही आणि आत शाफ्ट वाकलेला असतो. म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत टर्बो इंजिनावर चढवू नका. एकदा बसवला की पुढच्या बिघाडाचं खापर ‘तेल कमी पडलं’ किंवा ‘बाहेरचा कण आत गेला’ यावरच फुटतं, आणि ते खोडून काढणं फार कठीण जातं.

१. खोकं उघडण्याआधी

सहाही बाजूंचे आणि लेबलचे फोटो काढा. खोकं दबलेलं, फाटलेलं किंवा तेलाने ओलं असेल तर पोचपावतीवर सही करतानाच नेमकं लिहा: ‘खालचा कोपरा दबलेला, आतला भाग हलतो आहे’. नुसतं ‘तपासून घेऊ’ लिहिल्याचा फारसा उपयोग होत नाही. मग न थांबवता व्हिडिओ घेत खोकं उघडा. लेबल आणि टर्बोवरचा सिरीयल नंबर दोन्ही त्यात यायला हवेत. खोकं, फोम, प्लास्टिकच्या टोप्या, काहीही टाकू नका.

२. बाहेरची पाहणी

सगळ्यात आधी अॅक्च्युएटर, म्हणजे रॉड हलवून टर्बोचा दाब आवरणारा भाग, बघा. तो बाहेर आलेला असतो, त्यामुळे पहिला मार तोच खातो. रॉड वाकलाय का, ब्रॅकेटला तडा आहे का, नळी जोडायचं प्लास्टिकचं टोक किंवा इलेक्ट्रिक कनेक्टर तुटलाय का, ते पाहा. टर्बो उचलताना रॉडला धरू नका.

वाकलेला रॉड पकडीने सरळ करायचा मोह होतो, तो टाळाच. रॉडची लांबी कारखान्यात ठरावीक दाबावर लावलेली असते. थोडा फरक पडला तरी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी-जास्त होतो, आणि बूस्ट वाढला तर इंजिनालाच धोका. शिवाय हात लावल्याची खूण दिसली की दावा गेलाच समजा.

त्यानंतर फ्लँजचे (जोडणीच्या कडांचे) कान, बोल्टची भोकं आणि गास्केट बसतात त्या सपाट जागा बघा. बिडाला केसासारखी चीर असू शकते, त्यामुळे टॉर्च तिरका धरून पाहा.

३. शाफ्टची तपासणी

टोप्या काढून आधी आत फोमचे तुकडे पडले नाहीत ना, ते बघा. मग कंप्रेसर व्हीलच्या प्रत्येक पात्याची कड टॉर्चने तपासा. एखादं टोक वळलेलं किंवा तुटलेलं असेल तर तो टर्बो परतच करायचा. नटावर किंवा व्हीलच्या पाठीवर घासून धातू काढल्याच्या खुणा मात्र बॅलन्सिंगच्या असतात. त्यांना नुकसान समजू नका.

व्हील बोटाने हळू फिरवा. फिरवता फिरवता ते एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला दाबा. हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासल्याचा आवाज आला किंवा एका जागी अडकलं तर शाफ्ट किंवा हाउसिंग बिघडलंय. साध्या बुश बेअरिंगच्या टर्बोत बाजूचा थोडा प्ले (ढिलेपणा) हाताला जाणवणारच, कारण तिथे तेलाच्या थरासाठी जागा ठेवलेली असते. पुढे-मागे प्ले मात्र हाताला जवळजवळ जाणवू नये. डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकावर) तो साधारण ०.१ मिमीच्या वर गेला तर त्या मॉडेलची मर्यादा विक्रेत्याकडून लेखी मागा.

गॅरेजच्या एअर कंप्रेसरच्या हवेने टर्बो फिरवून बघू नका. तेलाशिवाय तो वेग बेअरिंग खराब करतो.

४. तक्रार

त्याच दिवशी विक्रेत्याला लिहा. वाहतुकीचा करार बहुधा पाठवणाऱ्याचा असतो, म्हणून दावाही त्यालाच लावावा लागतो. पत्रात पार्सल क्रमांक, सिरीयल नंबर, नुकसान नेमकं कुठे आहे आणि तुम्हाला बदली हवी की पैसे, हे सगळं द्या. मुदती कडक असतात. १९९९ च्या माँट्रियल कराराखाली विमानाने आलेल्या मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार १४ दिवसांत करावी लागते. समुद्रमार्गाच्या हेग-व्हिस्बी नियमांत न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना द्यायला ३ दिवस मिळतात. कुरिअरच्या अटी यापेक्षा वेगळ्या असू शकतात, त्या वाचा.

बदली टर्बो हातात येऊन तपासून होईपर्यंत गाडीतून काढलेला जुना टर्बो विक्रेत्याकडे पाठवू नका. तुलनेसाठी आणि गॅरेजचं काम अडू नये म्हणून तो जवळ हवा.

५. परत पाठवताना

सगळी तोंडं टोप्यांनी बंद करा, टर्बो प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि दुहेरी पुठ्ठ्याच्या खोक्यात सहाही बाजूंना किमान ५ सेंमी घट्ट फोम द्या. थर्माकोलचे सुटे गोळे वापरू नका. ते जड भागाखाली सरकतात आणि टर्बो तळाला टेकतो. वजन हाउसिंगवर पडेल असा ठेवा, अॅक्च्युएटरवर नको. खोकं बंद करून हलवून बघा. आत काही सरकलं तर उघडून पुन्हा भरा.