शिकारीची सुरी आणि फिलेटची सुरी: पातं घासण्यापासून मूठ बसवण्यापर्यंत

सुरी करायची ठरली की बहुतेक जण आधी पोलाद शोधायला निघतात. मी आधी मुठीचा नमुना करतो. मऊ लाकडाचा तुकडा मापाने कापायचा आणि ज्याच्यासाठी सुरी करायची त्याच्या हातात द्यायचा, तोही हात साबणाने ओला करून. पकड कुठे सरकते तिथे पेन्सिलची खूण करायची, कानस फिरवायची, पुन्हा हातात द्यायचा. तो तुकडा हातात नीट बसेपर्यंत मी पोलादाला हात लावत नाही.

या दोन सुऱ्यांची कामंच वेगळी. शिकारीच्या सुरीने कातडं सोडवायचं, सांधे मोकळे करायचे, त्यामुळे तिला ताठपणा हवा. पातं 3 ते 4 मिलिमीटर जाड आणि 90 ते 100 मिलिमीटर लांब पुरतं. फिलेटची सुरी म्हणजे माशाचं मांस काट्यापासून सोडवायची सुरी, ती मधल्या काट्याला चिकटून सरकायला हवी. तिचं पातं लांब आणि अरुंद, जाडी दीड ते दोन मिलिमीटर.

पहिल्याच सुरीसाठी 1084 हे साधं कार्बन पोलाद घ्या. घरच्या भट्टीत ते सांभाळता येतं. फिलेटची सुरी मात्र पाण्यात आणि मिठात वावरते, म्हणून तिला एईबी-एलसारखं स्टेनलेस बरं. त्याला पाणी द्यायला, म्हणजे तापवून झटकन थंड करून कडक करायला, हजार अंशांच्या वर नेमकं तापमान धरणारी भट्टी लागते. तशी भट्टी नसेल तर तेवढं काम बाहेरून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

पातं कापून कडा सारख्या केल्या की मुठीतल्या भागाला पिनांची भोकं तेव्हाच पाडून घ्या. पाणी दिल्यावर ड्रिलची पानं नुसती घसरत राहतात. 1084 साधारण 815 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. 770 च्या आसपास पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं होतं. त्याच्या किंचित पुढे जायचं आणि पन्नासेक अंशांपर्यंत गरम केलेल्या तेलात पातं सरळ उभं बुडवायचं. आडवं हलवलं तर ते वाकतं. तेलाचं भांडं धातूचंच हवं आणि त्याचं झाकण हाताशी हवं. तेल पेटलं तर त्यावर पाणी कधीही ओतू नका. पातं हाताला कोमट लागेपर्यंत थंड झालं की कानस लावून बघा. ती काचेवरून सरकावी तशी सरकली तर पाणी नीट बसलं. मग लगेच 200 अंशांना दोन-दोन तास, दोनदा टेंपर करा, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवा. हे उद्यावर टाकू नका, टेंपर न केलेलं पातं नुसतं खाली पडलं तरी तुटू शकतं.

आता लवचीकतेबद्दल, कारण इथे गैरसमज फार आहेत. फिलेटचं पातं लवचीक करायला ते जास्त टेंपर करून मऊ करतात, असं सर्रास सांगितलं जातं. मऊ केलेलं पातं पहिल्यापेक्षा सहज वाकत नाही. फक्त वाकलं की वाकलेलंच राहतं. पातं किती जोराने वाकेल हे जाडी ठरवते, आणि तेही घनाच्या हिशोबाने: 2 मिलिमीटरचं 1.6 केलं की ताठपणा जवळजवळ निम्मा होतो, 1 मिलिमीटर केलं तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून लवचीकता घासण्यातून आणायची. मुठीपासून टोकाकडे जाडी हळूहळू उतरत न्यायची. दर थोड्या वेळाने टोक लाकडावर टेकवून पातं दाबा आणि बाजूने बाक बघा. बाक एकसारखा दिसायला हवा. एकाच जागी मोडल्यासारखा कोन दिसला तर पातं तिथे पातळ झालंय, तेव्हा आजूबाजूचं उतरवून ते जुळवून घ्या.

फिलेटचं पातं आधीच पातळ घासून भट्टीत घातलं तर वेडंवाकडं होतं. त्यामुळे मी त्याचं बहुतेक घासकाम पाणी दिल्यावरच करतो. घासायच्या यंत्राच्या बेल्टवर हातमोजे घालत नाही, बोटांना चटका लागला की पातं पाण्यात बुडवतो. निळा रंग चढला म्हणजे तिथली धार मऊ पडली.

मूठ बसवण्याचं काम अर्धं तर चिकटवण्याआधीच संपायला हवं. मुठीच्या दोन पट्ट्यांची पात्याकडची टोकं आधीच 600 च्या पॉलिश पेपरपर्यंत गुळगुळीत करा. एकदा चिकटली की तिथे हात लावताना पात्यावर ओरखडे येणारच. आतल्या बाजू उलट 60 किंवा 80 च्या पेपरने खरबरीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि मग तिथे बोट लावू नका. चिकटवायचं इपॉक्सी 24 तासांत पिकणारं घ्या, पाच मिनिटांचं नको. क्लॅम्प बेताने आवळा. फार आवळलं तर इपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि सांध्यात काहीच उरत नाही. पुढच्या टोकाला आलेलं ओलं असतानाच पुसून काढा.

घडवायला घेताना पात्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि तोंडाला चांगला मास्क लावा. लाकूड असो, मिकार्टा (राळेत दाबलेलं कापड) असो वा जी10 (राळेत दाबलेलं काचतंतूंचं कापड), धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका. पिनांची डोकी घासताना घाई नको. पीन तापली की आतलं इपॉक्सी सुटतं आणि ते वरून दिसतही नाही.

मुठीचा छेद गोल ठेवू नका, अंडाकृती ठेवा. अंधारात, न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते तळव्याला कळलं पाहिजे. फिलेटच्या सुरीला पुढे बोट अडेल असा उंचवटा द्या. तिथे मी मिकार्टाच वापरतो आणि 320 च्या पेपरच्या पुढे जात नाही, कारण चकचकीत मूठ ओल्या हातातून निसटते. शिकारीच्या सुरीला नीट वाळलेलं, स्टॅबिलाइझ केलेलं (आत राळ मुरवलेलं) लाकूड शोभतं. तिची मूठ फार वळणावळणाची करू नका, कातडं सोडवताना पकड सारखी बदलावी लागते.

धार शेवटी: शिकारीच्या सुरीला दर बाजूला 20 अंश, फिलेटला 15. 1084 च्या पात्यावर खाद्यतेलाचा पातळ हात फिरवा आणि सुरी चामड्याच्या म्यानात कायमची ठेवू नका. चामडं ओल धरतं, आणि गंज सुरू होतो तो बरोबर धारेपासून.