जुन्या लॅपटॉपवर मिंट: कोडिंगची पॅकेजेस, टाइमपास गेम्स आणि तो एक वाय

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि तेव्हापासून इथे सोलापुरात माझ्याकडे दर रविवारी कोण ना कोण जुना लॅपटॉप पिशवीत घालून येतंयच. विजापूर रोडचा भाचा, बायकोच्या मैत्रिणीची पॉलिटेक्निकला जाणारी मुलगी, शेजारचे काका (त्यांना फक्त पत्ते खेळायचेत). मागणी सगळ्यांची एकच, फुकटात कोडिंग पण झालं पाहिजे आणि गेम पण चालल्या पाहिजेत. चालतात की. पण येण्याआधी यातल्या निम्म्यांनी व्हिडिओ बघून स्वतःच काहीतरी करून ठेवलेलं असतं आणि मग माझी दुपार जाते, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी बसणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचं कसं ते सांगत बसत नाही. पेनड्राइव्ह, बूट मेनू, नेक्स्ट नेक्स्ट, आणि त्याआधी फोटोंचा बॅकअप. मिंटचे वेगवेगळे डेस्कटॉप मिळतात, रॅम 4 जीबी असेल तर हलकं एक्सएफसीई घ्या, 8 असेल तर सिनॅमन. पुढच्या कमांड्स मी तोंडाने सांगतो तशा लिहितोय, टाइप अर्थातच टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) आणि इंग्रजीत करायच्या, सगळी अक्षरं लहान.

पहिली पायरी: सुडो ॲप्ट अपडेट, मग सुडो ॲप्ट अपग्रेड. (सुडो म्हणजे मालकाच्या अधिकाराने, ॲप्ट म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारा-काढणारा.) डाउनलोड रखडत असेल तर सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जाऊन जवळचा मिरर (डाउनलोडचा सर्व्हर) निवडा. झालं.

दुसरी पायरी: टाइमशिफ्ट उघडा आणि एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर सिस्टिम परत या स्थितीला आणता येते. मिंटमध्ये ते आधीच असतं, दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. "नंतर घेतो" म्हणणारे माझ्याकडे दुसऱ्यांदा येतात. एक लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिमचा फोटो काढतं, तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइल्स मुळात त्यात धरतच नाही, तर असाइनमेंट वेगळ्या सांभाळा.

तिसरी पायरी, कोडिंग: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, पुढे बिल्ड-इसेन्शियल, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं), जीनी आणि पायथन3-व्हेनव्ह. पहिल्यात प्रोग्रॅम कंपाइल करायची जीसीसी, जी-प्लस-प्लस आणि मेक ही हत्यारं एकदम येतात, पॉलिटेक्निकच्या सी आणि सी-प्लस-प्लसला तेवढं भरपूर झालं. जीनी हा हलका एडिटर, आठ-दहा वर्षं जुन्या मशीनवर पण पटकन उघडतो. पहिल्या वर्षाच्या पोराला मोठा आयडीई (एडिटर, कंपायलर सगळं एकत्र असलेलं सॉफ्टवेअर) कशाला लागतो मला अजून कळलेलं नाही, पन्नास ओळींच्या प्रोग्रॅमसाठी दोन मिनिटं लोडिंग बघत बसायचं.

आता जिथे सगळे पडतात ती जागा. मी पण पडलोय, आणि चांगलाच आपटलोय.

2021 च्या शेवटची गोष्ट. पायथन 3.10 नुकतंच आलं होतं, त्यात मॅच-केस (अनेक पर्यायांतून निवड करायची रचना) नवीन, आणि मला ते लगेच पाहिजे होतं. माझ्या मिंट 20 मध्ये 3.8 होतं. कुठल्यातरी ग्रुपवर एकाने छातीठोक सांगितलं, आधी जुनं पायथन काढून टाक, मग नवीन टाक, क्लीन होतं. विंडोजवर आपण तसंच करतो ना, जुनं काढलं की नवीन, तर मला पण पटलं. सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथन3. स्क्रीनवर भली मोठी यादी सरसरत गेली, खाली पुढे जायचं का (वाय म्हणजे हो, एन म्हणजे नाही) असा प्रश्न आला, आणि मी एंटर दाबलं. त्या प्रश्नातला वाय कॅपिटल असतो आणि एन लहान, म्हणजे काही न लिहिता नुसतं एंटर दाबलं तरी "हो" धरलं जातं, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

पाचेक मिनिटांनी पॅनेल गायब. रिस्टार्ट केलं तर काळी स्क्रीन, वर डाव्या कोपऱ्यात लॉगिन असं लिहिलेलं आणि कर्सर लुकलुकतोय. रात्रीचे साडेअकरा, सकाळी हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचं होतं, आणि तिकडे जे दाखवायचं ते याच लॅपटॉपवर.

कारण काय ते समजून घ्या, म्हणजे विसरणार नाही. मिंटचा अपडेट मॅनेजर, सॉफ्टवेअर मॅनेजर, सिनॅमनच्या सेटिंग्ज, हे सगळं पायथनमध्येच लिहिलेलं आहे. पायथन काढा म्हटलं की ॲप्ट प्रामाणिकपणे त्याच्यावर उभं असलेलं सगळंच काढतो, डेस्कटॉपच्या मुख्य पॅकेजसकट. त्याची चूक काहीच नाही, त्याने आधी यादी दाखवली होती, आपण वाचली नाही.

सुटलो कसा तर नशिबाने नेटवर्क मॅनेजर शिल्लक होता. त्याच काळ्या स्क्रीनवर लॉगिन केलं, फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू केलं, सुडो ॲप्ट अपडेट, आणि मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल मिंट-मेटा-एक्सएफसीई (हेच डेस्कटॉपचं मुख्य पॅकेज, सिनॅमनवाल्यांनी शेवटी सिनॅमन लिहायचं). शेकडो पॅकेजेस परत उतरली, फोनचा त्या दिवसाचा डेटा संपला, दोन वाजता डेस्कटॉप दिसला. उरलेलं काय काय गेलंय ते बघायला व्हार फोल्डरमध्ये लॉग, त्यात ॲप्ट, त्यात हिस्टरी नावाची फाइल असते, कधी काय टाकलं आणि काय काढलं सगळं तारीखवार. तेव्हा स्नॅपशॉट असता तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून बूट करून टाइमशिफ्टने अर्ध्या तासात काम झालं असतं. गाडी मिळाली, झोप नाही.

तर माझा नियम. वाय दाबायच्या आधी यादीच्या लगेच खालची ओळ वाचा, तिथे किती अपग्रेड, किती नवीन आणि किती रिमूव्ह होणार याचे आकडे असतात. एक गोष्ट काढताय आणि रिमूव्हचा आकडा दहाच्या वर दिसला तर एन. एखादी गोष्ट टाकताय आणि तरी रिमूव्हमध्ये काही दिसलं, तर आधी ती नावं वाचा. यादीत मिंट-मेटा, सिनॅमन किंवा एक्सओआरजी (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) दिसलं तर विचारच करायचा नाही, एन. आणि भीती वाटत असेल तर कमांडच्या शेवटी डॅश एस लावा, मग तो नुसतं काय होईल ते दाखवतो, प्रत्यक्ष काही करत नाही.

नवीन पायथन पाहिजेच असेल तर डेडस्नेक्स नावाचा पीपीए (जादा सॉफ्टवेअरचा बाहेरचा साठा) आहे, तिथून घ्या, ते जुन्याच्या शेजारी बसतं. जुन्याला हात लावायचा नाही. पायथन3 हे नाव नवीन व्हर्जनकडे वळवा असा एक सल्ला सगळीकडे फिरतो, तो पण ऐकू नका, उबंटूवर (मिंट त्याच्यावरच बेतलेलं आहे) तेवढ्याने टर्मिनलच उघडायचं बंद झालेलं मी पाहिलंय.

याचाच भाऊ म्हणजे पिप, पायथनच्या लायब्ररी उतरवणारी कमांड. मिंट 22 वर पिप इन्स्टॉल ही कमांड चालवली की "एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" म्हणून एरर येते आणि पोरं लगेच शोधून ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय जोडतात. अरे बे, नावातच लिहिलंय ना काय होणार ते! सुडो पिप पण नको. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये पायथन3 डॅश एम व्हेनव्ह आणि पुढे एक नाव (त्या नावाच्या फोल्डरात पायथनची वेगळी खोली तयार होते), मग ते ॲक्टिव्हेट करा, आणि आत पिपने काय घालायचं ते घाला. बिघडलं तर तो फोल्डर डिलीट, सिस्टिमला ओरखडासुद्धा नाही.

चौथी पायरी, गेम्स. सगळ्या ॲप्टमध्ये मिळतात. काकांसाठी आयलरायट, म्हणजे सॉलिटेअरचे ढीगभर प्रकार. लहान मुलांना सुपरटक्सकार्ट, एका कीबोर्डवर दोघं खेळू शकतात आणि भांडूही शकतात. डोकं चालवायचं असेल तर बॅटल फॉर वेस्नॉथ, 2003 पासून चालू असलेली टर्नवाली गेम, जुन्या मशीनवर पण निवांत चालते. ओपनटीटीडीमध्ये रेल्वे, बस, ट्रकचं जाळं उभं करायचं, एकदा बसलात की रात्रीचे दोन, हे मात्र ॲप्टच्या चुकीने नाही. झीरो एडीमध्ये मौर्यांची सेना आहे, हत्तींसकट, भाच्याला ते कळल्यापासून बाकी काही खेळतच नाही, पण ती एक जीबीच्या वर उतरते आणि 4 जीबी रॅमवर मोठ्या लढाईत रडते.

ॲप्टमधली व्हर्जन जुनी वाटली तर फ्लॅटपॅकने (सॉफ्टवेअर टाकायचा ॲप्टहून वेगळा मार्ग) नवीन मिळते, पण सोबत रनटाइमचं, म्हणजे ती चालवायला लागणाऱ्या जादा फाइल्सचं, ओझं येतं, 128 जीबीच्या एसएसडीवर जरा जपून. आणि मित्रासोबत झीरो एडी ऑनलाइन खेळायची असेल तर दोघांची व्हर्जन एकच लागते, एकाने ॲप्टवरून आणि एकाने फ्लॅटपॅकवरून घेतली की जमत नाही आणि दोघं वायफायला शिव्या देत बसतात.

यातल्या बऱ्याच गेम्सचा सोर्स सी-प्लस-प्लसमध्ये आहे आणि उघडा आहे. पॉलिटेक्निकवाल्या मुलीला मी वेस्नॉथ खेळायला नाही, बदलायला दिली. तिथले सैनिक साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेले असतात, किती हिटपॉइंट, किती घाव, काय किंमत. तिने एका भालेवाल्याची किंमत 14 ची 1 केली, सैन्यच सैन्य उभं केलं आणि तरी हरली. पुढच्या रविवारी तिने विचारलं, कॉम्प्युटर समोरून डोकं कसं चालवतो ते कुठल्या फाइलमध्ये आहे.

एक शेवटचं, आपल्याकडचं. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर असताना सुपरटक्सकार्ट लावायची तर ग्राफिक्स खाली आणा आणि लॅपटॉप टेबलावर किंवा फरशीवर ठेवा. पलंगावर चादरीवर ठेवून खेळू नका, आपली सोलापुरी चादर चांगली जाड असते, खालची जाळी पूर्ण झाकली जाते आणि मशीन तापून आपोआप बंद पडतं. मग तो बंद पडला म्हणून पिशवीत घालून माझ्याकडे येतात.