ग्राफिक्स कार्ड लावलं की पीसी सुरू होत नाही? कोकणातल्या घरात दोष असा शोधा

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात माझ्याकडे दरवर्षी हीच तक्रार येते. चाकरमानी मुंबईहून येतात, जूनपासून बंद असलेलं घर उघडतात आणि पोरं कॉम्प्युटरचं बटण दाबतात. पंखे फिरतात, पण डिस्प्ले येत नाही. कार्ड काढलं की पीसी चालू होतो, आणि घरातलं कुणीतरी सांगून टाकतं, 'कार्ड गेलं.' इतक्यात तसं ठरवू नका. खाऱ्या हवेतलं मीठ ओलावा धरून ठेवतं आणि महिनोन्महिने बंद खोलीत पडलेल्या कार्डाच्या पट्ट्यांवर त्याचा थर बसतो. बऱ्याचदा कार्ड धडधाकट असतं, फक्त त्याचा स्लॉटशी, म्हणजे ते बसवायच्या खाचेशी, संपर्क होत नाही.

कॅबिनेट उघडण्याआधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते पाहा. ती मदरबोर्डाच्या (पीसीच्या मुख्य बोर्डाच्या) पोर्टमध्ये नको, कार्डाच्या पोर्टमध्ये हवी. मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर पीसी उठलेला आहे, फक्त चित्र येत नाही.

आता प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत साठलेली वीज उतरेल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची खिटी दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. आता मॉनिटरची केबल मदरबोर्डाला लावून कार्डाशिवाय पीसी चालू करा. इथे प्रोसेसर कोणता आहे हे माहीत हवं. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतो, त्यात आतलं ग्राफिक्स (कार्डाशिवाय चित्र देणारी सोय) नसतं. रायझन ५ ५६०० मध्येही नाही, ५६००जी मध्ये आहे. आतलं ग्राफिक्स नसेल तर कार्डाशिवाय चित्र येणारच नाही, तेव्हा मदरबोर्ड मेला असं समजू नका. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट असे चार छोटे दिवे असतील तर कोणता अडकून राहतो ते बघा. डीरॅमचा दिवा राहिला तर दोष बहुधा रॅममध्ये किंवा तिच्या स्लॉटात आहे. माझ्या अनुभवात असं पुष्कळदा होतं.

सफाईला मात्र पुरेसा वेळ द्या. प्लग पुन्हा काढा. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या उजेडात तिरक्या धरून बघा. काळसर डाग किंवा हिरवट-पांढरी पूड दिसली तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन एकाच दिशेने पुसा. पेन्सिलीचं मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने चालतं, पण सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. स्लॉटमध्ये कोरडा, मऊ ब्रश फिरवा. मुंग्या किंवा पालीची अंडी सापडली तर अजिबात नवल वाटून घेऊ नका. कार्ड तांदळाच्या डब्यात पुरू नका, कोंडा आत जातो. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात एक दिवस ठेवलेलं बरं. रॅमच्या पट्ट्याही अशाच पुसून घ्या. मग कार्ड खिटीचा 'टक्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा.

तरीही बटण दाबताच पंखे क्षणभर हलून थांबत असतील, तर बहुतेक एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) स्वतःला वाचवतोय. एक तर कार्डात शॉर्ट असेल, नाहीतर एसएमपीएस कमी पडत असेल. स्लॉटातून कार्डाला ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. सहा पिनांची केबल आणखी ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. कार्डावर सॉकेट असून केबल लावलेली नसेल तर ते उठणार नाही. एक चूक महागात पडते: सीपीयूची आठ पिनांची केबल चार-चार अशी सुटते, कार्डाची सहा-दोन अशी. दोघींची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण तारांची जागा, उलट असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी जबरदस्तीने खुपसू नका.

कॅबिनेटला हात लावताना झिणझिण्या येत असतील तर आधी घरचं अर्थिंग तपासून घ्या, कार्डाचं नंतर बघू. जांभ्या दगडाच्या जमिनीत अर्थिंग नीट बसायला कष्ट पडतात, त्यामुळे हे काम इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. एसएमपीएसचं झाकण मात्र कुणीही उघडू नये, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज राहते.

सगळं जागेवर असूनही चित्र येत नसेल तर बायोसकडे (पीसी सुरू करणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्रामकडे) वळा. बंद घरात मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल उतरतो, सेटिंग मूळपदावर जातात आणि नव्या बोर्डावर सीएसएम (जुन्या कार्डांसाठीची बायोसमधली सोय) बंद होऊन बसतं. साधारण २०१२ च्या आधीची बरीच कार्डं त्याशिवाय चित्र देत नाहीत. आतलं ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल तात्पुरती मदरबोर्डाला लावा आणि बायोसमध्ये शिरून सीएसएम चालू आहे का ते बघा. सेल ३ व्होल्टचा असतो, मल्टिमीटरवर बराच खाली दिसला तर बदला.

यानंतर एकच चाचणी उरते. कार्ड शेजारच्या, पुरेशा ताकदीच्या एसएमपीएसच्या पीसीत लावून बघा आणि त्यांचं कार्ड आपल्यात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. तिथेही कार्ड उठलं नाही तर वॉरंटीची तारीख बघा. अनुक्रमांकाचं स्टिकर आणि स्क्रूवरची सील हात न लावता तशीच राहू द्या.