बीटा ब्लॉकरची गोळी खंड न पडता कशी घ्यावी

एका वर्षी गणपतीला गावी निघालो आणि बाबांच्या बीटा ब्लॉकरच्या, म्हणजे हृदयाचे ठोके आणि बीपी कमी ठेवणाऱ्या गोळ्या ठाण्यात फ्रिजवरच राहिल्या. "दोन-चार दिवसांनी काय बिघडतंय!" म्हणून त्यांनी तिकडे आणवल्याही नाहीत. तिसऱ्या दिवशी छातीत धडधड, दरदरून घाम. चिपळूणला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, "कुठली गोळी बंद केलीत का?"

आधी पट्टी उलटून औषधाचं नाव वाचा. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल... शेवटी 'लॉल' आलं की बहुधा ती बीटा ब्लॉकर. बीपीच्या काही जोडगोळ्यांत, म्हणजे एकाच गोळीत दोन औषधं असतात त्यांत, ॲम्लोडिपिनसोबत अटेनोलॉलही असतं, म्हणून बारीक अक्षरं चष्मा लावून वाचाच. मेटोप्रोलॉलचे दोन प्रकार येतात. सक्सिनेट शरीरात हळूहळू सुटतं आणि सहसा दिवसातून एकदा घेतात. टार्ट्रेट बहुतेकदा दोनदा. मेडिकलवाल्याने पट्टी बदलून दिली तर हा शब्द चिठ्ठीशी ताडून बघा. हळूहळू सुटणारी गोळी चावू नका, कुटू नका.

वेळ एकच ठेवा. मेटोप्रोलॉल आणि कार्वेडिलॉल जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घेतलेलं बरं. विसरलात तर आठवल्यावर घ्या. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाही.

नाडी मोजायला शिका. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण मिनिटभर ठोके मोजा. ५० च्या खाली गेले किंवा चक्कर येत असेल तर डॉक्टरांना फोन करा. हे औषध ठोके मुद्दामच कमी करतं, त्यामुळे तलावपाळीला चालताना पूर्वीइतकी नाडी वाढत नाही. पूर्वीचा आकडा गाठायच्या नादात दम लागेपर्यंत चालू नका.

दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण काही बीटा ब्लॉकरने श्वासनलिका आवळतात. मधुमेहाच्या रुग्णांनी तर जास्तच जपायचं. साखर उतरली की होणारी धडधड आणि थरथर या औषधाने झाकली जाते, घाम मात्र सुटतो. कारण नसताना घाम आला तर साखर तपासा. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांतही याच जातीचं औषध असतं, तेही डोळ्यांच्या डॉक्टरांपुरतं ठेवू नका, सगळ्यांना सांगा.

आता खंडाचं. गोळी चालू असते तेव्हा हृदयावर ॲड्रेनॅलिनचा जोर पोचत नाही आणि शरीर त्या जोराला जास्त हळवं होत जातं. अचानक बंद केली की सगळा जोर एकदम बसतो. हृदयविकार असणाऱ्यांना त्यातून छातीत दुखणं, झटकासुद्धा येऊ शकतो. म्हणून बंद करायचीच झाली तर डॉक्टर साधारण एक-दोन आठवड्यांत डोस उतरवत आणतात. "बीपी नॉर्मल आलं, आता कशाला गोळी?" हे मी घरोघरी ऐकते आणि दरवेळी जीव घाबरा होतो. ते नॉर्मल गोळीमुळेच आलेलं असतं!

आमच्याकडे आता पाच गोळ्या उरल्या की नवी पट्टी येते. गावी जाताना निम्म्या गोळ्या बाबांच्या खिशात, निम्म्या माझ्या पर्समध्ये, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये. खोपटहून एसटी पकडायच्या आधी हे तपासल्याशिवाय आम्ही कुलूप लावत नाही.

छातीत दुखलं, श्वास लागला किंवा माणूस भोवळ येऊन पडला, तर वाट न बघता १०८ ला फोन करा आणि गोळ्यांची पट्टी सोबत घ्या.